धोफारचं युद्ध लाकडी नकाशावर: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

फळीचं माप आज पक्कं केलं. लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी ९०. प्रमाण १:१,००,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर फळीवर एक सेंटिमीटर. पश्चिमेला येमेनची सरहद्द, पूर्वेला मिरबात, दक्षिणेला अरबी समुद्र, उत्तरेला वाळवंटाची सुरुवात. थुमरैतचा हवाई तळ काठाबाहेर जातोय, पण तिथे जाणारा रस्ता काठापर्यंत दाखवला की काम भागेल.

डिसेंबरात आमच्या इतिहास अभ्यास मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यासाठी हा उठावदार नकाशा. विषय मी मागून घेतला. ओमानच्या दक्षिणेतल्या धोफार प्रांतात १९६५ ते १९७५ अशी दहा वर्षं बंड चाललं. सुलतानाविरुद्धचं, पुढे उघडपणे मार्क्सवादी झालेलं, आणि शेवटी मोडलेलं. अरब जगातल्या डाव्या सशस्त्र उठावांपैकी हा सर्वांत चिवट असावा. तरी व्हिएतनामवर तासभर बोलणाऱ्या आपल्या मंडळींना धोफार कुठे आहे ते सांगावं लागतं. मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासही लागत नाहीत, धोफारचं मुख्य शहर सलाला तर अरबी समुद्रापलीकडे आपल्या समोरच्याच किनाऱ्यावर.

२२ जून

उंचीची आकडेवारी उतरवून घेतली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारने मोजलेली ही माहिती फुकट मिळते आणि ह्या प्रमाणाला पुरून उरते. क्यूजीआयएस ह्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर १०० मीटरला एक समोच्च रेषा काढली. दर रेषेला २ मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, एक थर. म्हणजे उंची दुपटीने वाढवलेली आहे. ती तशी वाढवली नसती तर डोंगर डोळ्यांत भरलाच नसता.

रेषा पडद्यावर उमटल्या आणि अर्धं युद्ध तिथेच दिसलं. सलालाचं मैदान किनाऱ्याने साठेक किलोमीटर पसरलेलं, पण रुंदीला जेमतेम दहा-पंधरा. ते सगळं शून्य थरात. त्याच्या मागे एकदम आठ-नऊ थरांची भिंत: मध्ये जेबेल (म्हणजे डोंगर) 'करा', पश्चिमेला जेबेल कमर, पूर्वेला त्याहून उंच जेबेल समहान. भिंतीत दक्षिणेकडे उतरणाऱ्या खोल घळी, म्हणजे वाद्या. डोंगराच्या कडेवर बसलेल्या माणसाला खालचं शहर, विमानतळ, बंदर सगळं दिसतं. सलालाच्या धावपट्टीवर बंडखोरांचे उखळी तोफगोळे आणि रॉकेटं का पडत राहिली, हे समजायला आता वेगळा मजकूर लागणार नाही.

डोंगर ओलांडला की मात्र उत्तरेला उघडं वाळवंट, लपायला जागा नाही. बंडाची सगळी जमीन म्हणजे हा चिंचोळा डोंगरपट्टा.

६ जुलै

रंगाचा प्रश्न. पुतण्या म्हणाला, "काका, अरबस्तान आहे ना? मग पिवळा मारू सगळीकडे." त्याला सलालाचे जुलै-ऑगस्टमधले फोटो दाखवले. आपल्याकडे येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा धोफारच्या डोंगराला घासून जातो. जून ते सप्टेंबर तिथे खरीफ असतो: मुसळधार पाऊस नाही, पण दिवसरात्र झिमझिम आणि आंबोलीच्या घाटात असतं तसं हातभर अंतरावरचं न दिसणारं धुकं. समुद्राकडचे उतार हिरवेगार होतात, गुरं चरतात. सप्टेंबर संपला की हळूहळू सगळं तपकिरी.

त्यामुळे डोंगराचा दक्षिण उतार हिरवा, माथा गवताळ, उत्तर बाजू पिवळी. हा हिरवा पट्टा म्हणजेच रणांगण. धुक्याच्या महिन्यांत विमानं, हेलिकॉप्टरं निकामी, वाटा चिखलाच्या. सुलतानाचं सैन्य दर पावसाळ्याआधी डोंगर सोडून खाली यायचं आणि बंडखोर पुन्हा वर पसरायचे. जे जिंकलं ते दर वर्षी परत द्यायचं, असं कित्येक वर्षं चाललं. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे लगेच पटेल. किल्ल्याचं काम तिथे पावसाने केलं.

७ जुलै

कालच्याला जोडून. ह्या डोंगरात राहणारे लोक जिब्बाली, मेहरी अशा स्वतंत्र भाषा बोलतात, त्या अरबीहून वेगळ्या आहेत. धंदा गुरं, उंट, शेळ्या आणि लोबानाच्या झाडांचा डिंक. खरीफ संपल्यावर सगळं जिणं पाण्याभोवती फिरतं: कुठल्या झऱ्यावर कुणाची गुरं, कुठल्या टोळीची कुठली वाट.

सुलतान सईद बिन तैमूर १९३२ पासून गादीवर. १९५८ नंतर तो मस्कत सोडून सलालाच्या वाड्यातच राहिला. १९७० मध्ये अख्ख्या देशात तीन शाळा आणि डांबरी रस्ता दहाएक किलोमीटर. बंड सुरू झाल्यावर त्याने सलालाभोवती काटेरी तार घातली, डोंगरात जाणाऱ्या धान्यावर बंदी आणली, आणि ज्या टोळ्यांवर संशय त्यांच्या विहिरी सिमेंट ओतून बुजवायला लावल्या.

हे वाक्य वाचलं तेव्हापासून मनातून जात नाही. वर्षातले आठ महिने कोरड्या राहणाऱ्या डोंगरात राज्यकर्ता विहीर बुजवतो. त्या गावचा तरुण बंदूक उचलेल की काय करेल? नकाशावर विहिरी दाखवायच्याच, हे आज ठरलं. बुजवलेल्या काळ्या, नव्या खोदलेल्या निळ्या, असा विचार आहे. पण बुजवलेल्या विहिरींच्या नेमक्या जागा अंदाजाने टोचायच्या नाहीत. त्या बाजूच्या फलकावर शब्दांत येतील.

१४ जुलै

लेझरवाल्याच्या यंत्राची फळी लहान, म्हणून प्रत्येक थर दोन तुकड्यांत कापायचा. सांधा सलालाच्या पश्चिमेचं किनाऱ्यावरचं मुघसैल आणि सलाला यांच्या मधोमध घेतला, म्हणजे महत्त्वाची कुठलीही जागा सांध्यावर येत नाही. पहिले पाच थर चिकटवले.

बंडाची मांडणी लाल दोऱ्याने करणार. सुरुवात मुसल्लम बिन नुफलपासून. बैत कथीर टोळीचा हा माणूस. १९६३ च्या सुमारास तेल कंपनीच्या गाड्यांवरच्या हल्ल्यांनी ठिणगी पडली आणि ९ जून १९६५ ला धोफार मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा जाहीर केला. तेव्हा मागणी धोफारपुरती होती. एप्रिल १९६६ मध्ये संचलनाच्या वेळी सुलतानाच्याच धोफारी शिपायांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला आणि त्यानंतर लोकांना फारसा दिसलाच नाही.

मग नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश एडन सोडून गेले. शेजारी दक्षिण येमेनमध्ये डावं सरकार आलं, आणि बंडाला सरहद्दीपलीकडे हौफ गावात पाठीशी घर मिळालं: शस्त्रं, दवाखाना, शाळा, छापखाना. सप्टेंबर १९६८ च्या हमरीन परिषदेत जुनं टोळीप्रमुखांचं नेतृत्व बाजूला पडलं आणि आघाडीचं नाव 'व्याप्त अरबी आखाताच्या मुक्तीसाठी लोकआघाडी' झालं. आधी चीनने, पुढे सोव्हिएत संघाने मदत केली. ऑगस्ट १९६९ मध्ये किनाऱ्यावरचं रख्यूत पडलं. १९७० पर्यंत डोंगर जवळजवळ पूर्ण त्यांचा आणि सलाला–थुमरैत रस्ता बंद.

ह्या लोकांना नुसते कुणाच्या हातचे बाहुले म्हणून रंगवायचं नाही, हे मी मंडळात आधीच सांगितलंय. त्यांनी गुलामी रद्द केली, मुलींना शाळेत बसवलं, बायकांच्या हाती बंदुका दिल्या. सुलतानाच्या राज्यात गुलाम होते, हे विसरून चालणार नाही. पण त्याच आघाडीने नमाजावर, शेखांवर, टोळीच्या नात्यावर घाव घातला. विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मारलं. डोंगरातल्या माणसाला सुलतान नको होता, म्हणून त्याला अल्लाही नको होता असं नव्हे. त्यांच्या पराभवाचं मूळ मला इथे दिसतं.

२३ जुलै

तारीख जुळून आली म्हणून आज १९७० चा फलक लिहायला घेतला. २३ जुलै १९७० ला सलालाच्या वाड्यात सत्तापालट झाला. सईदच्या मुलाने, काबूसने, ब्रिटिशांच्या संमतीने बापाला पायउतार केलं. झटापटीत सईद जखमी झाला, त्याला विमानाने बाहेर नेलं आणि १९७२ मध्ये लंडनमध्ये तो वारला. काबूस सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकून आलेला, पण परतल्यावर कित्येक वर्षं बापाने त्याला सलालातच अडकवून ठेवलेलं.

ह्या घराण्याचा आपल्याकडचा धागा बारीक आहे, पण खरा आहे. सईद अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकला. त्याचा बाप तैमूर बिन फैसल १९३२ मध्ये गादी सोडून निघाला आणि १९६५ मध्ये मुंबईत वारला, म्हणजे बंड जाहीर झालं त्याच वर्षी. फलकावर ह्याला दोन ओळी, जास्त नाही.

काबूसने पहिल्यांदा केलं ते म्हणजे माफी जाहीर केली. शस्त्र टाकून येईल त्याला शिक्षा नाही, उलट काम मिळेल. सप्टेंबर १९७० मध्ये पूर्व भागातल्या लढवय्यांनी आघाडीच्या डाव्या नेतृत्वाविरुद्धच उठाव केला. तो चिरडला गेला, पण माणसं खाली उतरू लागली. खुद्द मुसल्लम बिन नुफल काबूसला येऊन मिळाला. ज्याने आग लावली तो पाच वर्षांत ह्या बाजूला आला, हा फलक मी नकाशाच्या मधोमध लावणार आहे.

४ ऑगस्ट

थर अठरापर्यंत पूर्ण. समहानचा कोपरा जड झालाय, खालून आडवी पट्टी ठोकली.

११ ऑगस्ट

शरण आलेल्या बंडखोरांच्या तुकड्या म्हणजे 'फिरकत'. पहिली सलाहुद्दीनच्या नावाची. म्होरक्या सलीम मुबारक, आधी आघाडीचाच पूर्व भागातला कमांडर. फेब्रुवारी १९७१ मध्ये ह्या तुकडीने सुद्ह गाव घेतलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सलीम मुबारक वारला. युद्ध संपेपर्यंत अशा वीसच्या आसपास तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांना शिकवायला एसएएस ह्या ब्रिटिश विशेष दलाची माणसं प्रशिक्षक ह्या नावाखाली आली होती. त्यांच्याबरोबर डॉक्टर आणि गुरांचा डॉक्टरही आला. मला हा गुरांचा डॉक्टर फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने कुणी ती यादी केली त्याला डोंगर कळला होता.

ऑक्टोबर १९७१ ची 'जॅग्वार' मोहीम हिरव्या दोऱ्याने दाखवली. जिबजात घेतलं, तिथून पुढे सैनिक ज्याला 'व्हाइट सिटी' म्हणत ते मदीनत अल-हक. मोहीम ऐन भरात असताना रमजान लागला. लढणाऱ्यांना रोज्यातून सूट आहे असं काझीने सांगूनही फिरकत लढायला तयार होईनात. आणखी एक अडचण गुरांची. बरोबर आणलेली आणि बंडखोरांकडून हिसकावलेली जनावरं विकल्याशिवाय माणसं पुढे हलेनात. शेवटी शेकडो जनावरांचा कळप सैन्याच्या पहाऱ्यात, वर विमानं फिरत असताना, डोंगरावरून किनाऱ्यावरच्या ताका गावच्या बाजारापर्यंत हाकत नेला. युद्धशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही, पण बाजारात पैसे हातात पडल्यावर डोंगरातल्या माणसाला सरकारबद्दल जे वाटलं ते पत्रकांनी वाटलं नसतं. कळपाची वाट ठिपक्यांनी दाखवली.

आणि त्या वर्षी, पहिल्यांदाच, पावसाळा आला तरी डोंगरावरची काही ठाणी सोडायची नाहीत असं धोरण ठरलं.

१८ ऑगस्ट

मिरबातवरून वाद. पुतण्याने व्हिडिओ पाहिलेत आणि त्याला तिथे छोटी तोफ, किल्ला, माणसं सगळं करायचंय. १९ जुलै १९७२ ची पहाट. ढग इतके खाली की विमानं येणार नाहीत, हा बंडखोरांचा हिशेब. आदल्या दिवशी गावातल्या फिरकतचा मोठा भाग हुलकावणी देऊन बाहेर काढलेला. मग अडीचशेच्या वर माणसं गावावर चालून आली, समोर एसएएसची नऊ माणसं, किल्ल्यातले काही शिपाई आणि एक जुनी २५ पौंडी तोफ. फिजीचा सार्जंट लाबालाबा ती तोफ जवळजवळ एकट्याने चालवत राहिला आणि तिथेच मारला गेला. शेवटी स्ट्राइकमास्टर विमानं ढगाखालून, समुद्राला चिकटून आली आणि हल्ला फुटला. तीसहून अधिक बंडखोरांचे देह मैदानावर राहिले.

"काका, हीच तर सगळ्यात भारी लढाई!"

शौर्य दोन्हीकडे होतं, हे मी मान्य केलं. डोंगरातून उतरून उघड्या मैदानात तारेच्या कुंपणावर धावत गेलेले तेही. पण मिरबात गेलं असतं तरी तीन वर्षांनी शेवट बदलला असता असं मला वाटत नाही. पाठीमागून येणाऱ्या दारूगोळ्याचं आणि डोंगरातल्या पाण्याचं गणित मिरबातने सुटलेलं नव्हतं. तोफ एकच करायची आणि तीही प्रमाणात, असा तोडगा निघाला. प्रमाणात ती मिलिमीटरभरही होत नाही, म्हणून टाचणी.

१ सप्टेंबर

आजचं काम सर्वांत आवडीचं: तारांच्या रेषा. पातळ तांब्याची तार, चिमट्याने वळवून.

शस्त्रं हौफहून उंटांच्या तांड्यांनी पूर्वेकडे येत. ही वाट तोडायची तर किनाऱ्यापासून वाळवंटापर्यंत डोंगर आडवा कापायला हवा. १९७१ च्या अखेरीला 'लेपर्ड' नावाची ठाण्यांची रांग टाकली, पण १९७२ च्या खरीफआधी ती सोडावी लागली. मग १९७४ मध्ये 'हॉर्नबीम' रेषा: मुघसैलच्या किनाऱ्यापासून उत्तरेला सुमारे ५३ किलोमीटर, सलग काटेरी तार, सुरुंग, मध्ये मध्ये ठाणी. जॉर्डनचे लष्करी अभियंतेही कामाला आले. फळीवर ही रेषा ५३ सेंटिमीटर भरते. वळवताना हाताला कळतं की ती प्रत्येक घळीत उतरते आणि पुन्हा चढते. खऱ्या माणसांनी हे उन्हात, गोळीबारात, तारेची भेंडोळी खांद्यावर घेऊन केलं.

माणूस रात्री तार कापून पलीकडे जाऊ शकतो. लादलेला उंट जाऊ शकत नाही. सगळी युक्ती एवढीच होती. रेषा पूर्ण झाल्यावर पूर्वेच्या टोळ्यांकडे फक्त पाठीवरून नेता येईल तेवढाच दारूगोळा पोचू लागला. जड उखळी तोफा थंडावल्या.

पुढे जानेवारी १९७५ मध्ये इराणी फौजेने रख्यूत घेतलं आणि तिथून वर 'दमावंद' रेषा टाकली. इराणच्या शहाने डिसेंबर १९७३ मध्येच मोठी तुकडी पाठवून थुमरैतचा रस्ता उघडून दिला होता. दोन रेषांमधली जागा हळूहळू धुऊन काढली गेली. त्याच जानेवारीत शर्शिती गुहांमधला शस्त्रसाठा घेण्याचा ओमानी सैन्याचा प्रयत्न मात्र वाईट फसला. उघड्यावर सापडलेल्या एका कंपनीचे डझनाहून अधिक जवान मारले गेले. तिथे लाल दोरा मी मुद्दाम जाड ठेवलाय.

१५ सप्टेंबर

निळ्या टाचण्या.

रेषांनी पूर्व डोंगर उपाशी ठेवला, पण माणसं वळली ती विहिरींमुळे. पद्धत अशी बसत गेली. फिरकतला विचारायचं: तुमच्या टोळीच्या मुलखात तळ कुठे हवा? जागा ते निवडत, आणि ती जवळजवळ नेहमीच जुन्या पाण्याजवळची असे. सैन्य ती ताब्यात घेई. बुलडोझर मैदानापासून कच्चा रस्ता काढत वर येई. रस्त्यावरून बोअरचं यंत्र येई आणि खडकात खोल भोक पाडे. पाणी लागलं की टाकी, गुरांसाठी हौद. मग दुकान, दवाखाना, शाळा, मशीद, सगळं एकेका खोलीत. हे काम पाहणारा नागरी मदत विभाग वेगळा होता. तेलाची निर्यात १९६७ पासून सुरू होती आणि १९७३ नंतर भाव चढले, म्हणून पैसा होता.

बातमी डोंगरात फिरे. बंडखोरांच्याच बायका, आया आपली गुरं घेऊन त्या हौदावर येत. निरोप स्पष्ट असे: ह्या सोयी टिकवायच्या तर बंदूकवाल्यांना थारा देऊ नका. थोड्या दिवसांनी घरचा माणूसही मागून येई, रायफलीसकट, आणि बहुतेकदा त्याच मुलखाच्या फिरकतमध्ये भरती होई.

ह्याला कुणी लाच म्हणेल. मंडळातल्या एका ताईंनी म्हटलंच. मला ते पटत नाही. पाणी ही त्या लोकांची पहिली मागणी होती, आधीच्या सुलतानाने ती विहिरीत सिमेंट ओतून नाकारली होती, आणि आघाडीकडे भाषण होतं पण बोअरचं यंत्र नव्हतं. बंड करून डोंगरातल्या माणसाने जे मिळवलं त्याचा बराचसा भाग त्याला पराभवातून मिळाला. त्यासाठी मेलेल्यांची नावं मात्र ओमानमधल्या कुठल्याच चौकात नाहीत. हे मला बोचतं आणि फलकावर मी ते लिहिणार आहे.

२९ सप्टेंबर

सरफैत. पश्चिमेच्या अगदी टोकाला, सरहद्दीजवळच्या कड्यावर. एप्रिल १९७२ मध्ये हेलिकॉप्टरने सैन्य तिथे उतरवलं, पुरवठ्याची वाट तोडायला. पण कडा उंच, आणि वाट खाली समुद्राकाठच्या पट्ट्यातून. खाली उतरता येईना, सोडून जाणंही बरं दिसेना. साडेतीन वर्षं त्या ठाण्याचं अन्न, दारूगोळा, पिण्याचं पाणीसुद्धा हवेतून आलं आणि पलीकडून तोफा डागल्या जात राहिल्या. फळीवर थरांच्या पायऱ्या इथे एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात, त्या तशाच राहू दिल्या.

६ ऑक्टोबर

शेवटची मोहीम, ऑक्टोबर १९७५. धोफार ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर जॉन एकहर्स्ट. त्याआधी ऑगस्टमध्ये खांद्यावरून सुटणाऱ्या सॅम-७ क्षेपणास्त्राने एक स्ट्राइकमास्टर पाडलेलं, म्हणजे आकाशही सुरक्षित राहिलं नव्हतं. योजना अशी की मुख्य चढाई पूर्वेकडून, शर्शितीच्या बाजूने; सरफैतहून फक्त हूल द्यायची. पण मस्कत रेजिमेंटची माणसं रात्रीच्या अंधारात कड्यावरून खाली उतरली आणि त्यांना जवळजवळ प्रतिकारच झाला नाही. हूल हीच चढाई करायची, असा निर्णय झाला. काही दिवसांत समुद्रापर्यंत तार पडली. त्याच महिन्यात जॉर्डनने भेट दिलेल्या हंटर विमानांनी सरहद्दीपलीकडे हौफ भागावर बॉम्ब टाकले.

पश्चिमेचा लाल दोरा आज इथे कापला. १ डिसेंबरला किनाऱ्यावरचं धलकूत पडलं, ११ डिसेंबर १९७५ ला काबूसने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. तुरळक गोळीबार पुढेही चालला. मार्च १९७६ मध्ये सौदी अरेबियाच्या मध्यस्थीने दक्षिण येमेनने सरहद्दीवरचा तोफमारा थांबवला.

१३ ऑक्टोबर

फलकांचा मजकूर पूर्ण. शेवटच्या फलकावर युसुफ बिन अलवी: तरुणपणी आघाडीचा कैरोतला प्रतिनिधी, नंतर १९९७ ते २०२० ओमानच्या परराष्ट्र व्यवहाराचा मंत्री. माफी कागदावरची नव्हती, हे दाखवायला एवढं पुरे.

पुतण्याची सूचना चांगली होती, ती घेतली: काचेचं झाकण नको. धुक्यासाठी मुघसैलपासून पूर्वेला पातळ मलमल पसरायची, मुलांनी ती स्वतः उचलून खाली काय आहे ते पाहायचं. उरलेलं काम: हॉर्नबीमवरच्या ठाण्यांना क्रमांक, धलकूतच्या नावातलं शुद्धलेखन, फळीला चार कड्या. टेम्पोवाल्याला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं सांगून ठेवलंय.